बी.एस्सी. रसायनशास्त्र: श्रेयांक, प्रात्यक्षिके आणि गुणांचा हिशेब

बारावी विज्ञानानंतर रसायनशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे काय शिकायचे आहे याची थोडीफार कल्पना असते. गुण कोठून, कधी आणि किती येतात याची मात्र बहुधा नसते. बारावीला वर्षाअखेरची परीक्षा जवळजवळ सगळे ठरवून टाकते आणि तीच सवय घेऊन मुले महाविद्यालयात येतात. पदवीचे गुण मात्र सहा सत्रांत पसरलेले असतात, त्यांचा मोठा वाटा प्रयोगशाळेत मिळतो आणि त्यातले कितीतरी गुण लेखी परीक्षेचे हॉल तिकीट हाती येण्याआधीच मिळालेले किंवा हुकलेले असतात. सातारा किंवा सांगली जिल्ह्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्याने ही व्यवस्था कोणत्या क्रमाने समजून घ्यावी, ते पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: पदवी कोणाची, हे पाहा

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि येथील बहुतेक विज्ञान महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि लेखी परीक्षाही विद्यापीठाच्या नियमांनुसार होते. स्वायत्त महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम आखते, प्रश्नपत्रिका स्वतः काढते, पदवी मात्र विद्यापीठाची देते. साताऱ्यात तिसरा प्रकारही आहे. रयत शिक्षण संस्थेचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स हे आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे. त्यामुळे तेथील विद्यार्थ्याला शिवाजी विद्यापीठाच्या परिपत्रकांकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

हा फरक कागदोपत्री वाटतो, पण अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेतली गुणांची विभागणी, उत्तीर्ण होण्याची अट, फेरपरीक्षेचा काळ या सगळ्या गोष्टी त्यावर ठरतात. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकणाऱ्या मावसभावाचा नियम साताऱ्यातल्या विद्यार्थ्याला लागू असेलच असे नाही. म्हणून प्रवेश निश्चित होताच आपल्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि त्यातली घटकांची यादी वाचण्याआधी तीन गोष्टींवर खूण करावी: प्रत्येक पेपरचे श्रेयांक, अंतर्गत व सत्रान्त परीक्षेचे गुण, आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूप. अंतर्गत आणि लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते की दोन्हींची बेरीज पाहिली जाते, हेही त्याच पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ते न वाचल्याचा पश्चात्ताप निकालाच्या दिवशी होतो.

एक सावधगिरी येथेच सांगायला हवी. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. वरच्या वर्गातून आधी पास झालेल्यांच्या नोट्स अभ्यासाला उत्तम आहेत, कारण ऊष्मागतिकीचे नियम धोरणाने बदलत नाहीत. पण ‘या पेपरला एवढेच येते’ किंवा ‘इंटर्नल कुणी बघत नाही’ हे त्यांचे सल्ले जुन्या रचनेतले असतात.

दुसरी पायरी: विषयांची निवड पुढचे ओळखून करा

पहिल्या वर्षी साधारणपणे तीन विज्ञान विषय घ्यावे लागतात आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांतला एक मुख्य, म्हणजे मेजर, तर एक गौण, म्हणजे मायनर होतो. रसायनशास्त्र हा मेजर ठरलेला असला तरी सोबतीचे विषय निवडताना बरेच विद्यार्थी केवळ मैत्रिणी काय घेतात किंवा कोणत्या विषयाला गुण सुटतात एवढेच पाहतात.

भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला भौतिक रसायनशास्त्र सोपे जाते, कारण अभिक्रियेच्या वेगाची समीकरणे, ऊष्मागतिकी आणि तिसऱ्या वर्षाचे क्वांटम रसायनशास्त्र यांत विकलन, संकलन आणि लॉगरिदम यांच्याशिवाय पान हलत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेणाऱ्याला औषधनिर्मिती, अन्नतपासणी किंवा जैवरसायनाकडे जाणे सोयीचे पडते. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. मात्र बारावीला गणित सोडलेल्या विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात विकलनाचे आणि संकलनाचे मूलभूत नियम स्वतः बसून पक्के करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भौतिक रसायनात मागे पडणारे बहुतेक विद्यार्थी रसायनात अडत नाहीत, ते गणिताच्या ओळीवर अडतात.

तिसरी पायरी: श्रेयांकाचे गणित समजून घ्या

श्रेयांक, ज्याला सगळे क्रेडिट म्हणतात, हे कामाच्या तासांचे माप आहे. एका सत्रात तासिकेचा एक श्रेयांक म्हणजे सुमारे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तास. प्रत्येक सत्राला २० ते २२ श्रेयांक असतात. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक मिळवावे लागतात. यात रसायनशास्त्राखेरीज मुक्त निवडीचा विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, कौशल्यविषय, क्षेत्रकार्य असे अनेक छोटे विषय येतात.

या दोन-दोन श्रेयांकांच्या विषयांकडे दुर्लक्ष करण्याची पद्धत आहे आणि ती महागात पडते. सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए, काढताना प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणाला त्याच्या श्रेयांकाने गुणतात, सगळी बेरीज करतात आणि एकूण श्रेयांकांनी भागतात. श्रेणीगुण सामान्यतः ‘ओ’साठी १०, ‘ए प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, ‘पी’ ४ आणि नापासाला शून्य असे असतात. समजा, एका विद्यार्थिनीला २२ श्रेयांकांच्या सत्रात मेजरच्या ८ श्रेयांकांच्या लेखी पेपरांत ७, प्रात्यक्षिकाच्या ४ श्रेयांकांत ९, मायनरच्या ४ श्रेयांकांत ६ आणि उरलेल्या ६ श्रेयांकांच्या छोट्या विषयांत ८ श्रेणीगुण मिळाले. बेरीज ५६ अधिक ३६ अधिक २४ अधिक ४८, म्हणजे १६४ झाली. तिला २२ ने भागले की ७.४५ येते. आता त्याच सहा श्रेयांकांच्या छोट्या विषयांत ८ ऐवजी ५ पडले, तर सरासरी ६.६४ वर उतरते. तेवढी घसरण मेजरच्या पेपरांतून भरून काढायची तर त्या आठही श्रेयांकांत दोनाहून अधिक श्रेणीगुण वाढवावे लागतील, आणि सेंद्रिय रसायनात ७ चे ९ करणे भाषेच्या पेपरात ५ चे ८ करण्यापेक्षा किती अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको.

मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे एबीसीमध्ये जमा होतात. त्यासाठी अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि त्यावरचे नाव दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेशी व आधारशी तंतोतंत जुळले पाहिजे. वडिलांच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे अडलेले काम सुटायला वेळ लागतो, तेव्हा दुरुस्ती पहिल्या सत्रातच करून घ्यावी.

चौथी पायरी: प्रयोगशाळेत गुण कसे मिळतात

येथे थोडे थांबावे लागेल, कारण रसायनशास्त्राच्या पदवीचे खरे वेगळेपण प्रात्यक्षिकांत आहे. तासिका सकाळी आटोपल्या तरी प्रात्यक्षिकाची बॅच दुपारी असू शकते आणि ती तीन-चार तास चालते; जत, आटपाडी, माण किंवा खटाव भागातून एसटीने ये-जा करणाऱ्याने बॅच ठरण्याआधीच आपली शेवटची गाडी किती वाजता आहे हे विभागात सांगावे. बहुतेक ठिकाणी शिक्षक बॅच बदलून देतात, मात्र याद्या लागल्यानंतर ते अवघड होते. ॲप्रन सुती घ्यावा, पायात बंद चप्पल किंवा बूट असावेत, आणि संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावा.

प्रात्यक्षिकांचे चार ढोबळ प्रकार असतात: अनुमापन व इतर मापनात्मक प्रयोग, असेंद्रिय मिश्रणातील मूलके ओळखणे, सेंद्रिय पदार्थ ओळखणे व तयार करणे, आणि भौतिक रसायनाचे उपकरणांवरचे प्रयोग. परीक्षेत गुण कसे जातात हे एका साध्या अनुमापनावरून कळेल.

ऑक्झॅलिक आम्लाच्या ०.१ नॉर्मल द्रावणाने पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता काढायची आहे. पिपेटने १० मिलिलिटर आम्ल शंक्वाकृती चंचुपात्रात घ्यायचे, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचे, ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचे आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडत फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत जायचे. पहिले काही थेंब पडले की रंग पटकन जात नाही, आणि नवखा विद्यार्थी तोच अंत्यबिंदू समजून थांबतो. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयनच पुढे तिला वेग देतात, म्हणून सुरुवातीला सावकाश जावे. थोड्या वेळाने रंग पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. परमँगनेटचे द्रावण गडद असल्याने ब्युरेटमधील पातळी खालच्या वक्राऐवजी वरच्या कडेवर वाचायची. पहिले वाचन पायलट म्हणून अंदाजासाठी घ्यायचे आणि त्यानंतर सारखी वाचने मिळेपर्यंत प्रयोग पुन्हा करून सीबीआर, म्हणजे ब्युरेटचे स्थिर वाचन, लिहायचा.

समजा सीबीआर ९.८ मिलिलिटर आला. तर परमँगनेटची नॉर्मलता ०.१०२ आणि तिला ३१.६ ने गुणल्यावर लिटरला ३.२२ ग्रॅम असे उत्तर येते. कुणी ९.६ वाचले तर उत्तर ३.२९ होते, म्हणजे सुमारे दोन टक्के चूक. परीक्षकाकडे खऱ्या वाचनाचा आकडा असतो आणि जेवढा फरक मोठा तेवढे गुण कमी होतात. निरीक्षणांचा तक्ता, रासायनिक समीकरण आणि आकडेमोड यांचे गुण स्वतंत्र असल्यामुळे उत्तर थोडे चुकले तरी मांडणी पूर्ण ठेवावी. वाचने खोडून ‘जुळवलेली’ असतील तर अनुभवी परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येते.

त्यानंतर तोंडी परीक्षा, व्हायवा. तेथे प्रश्न हातातल्या प्रयोगावरच येतात. हायड्रोक्लोरिक आम्ल का वापरले नाही? कारण परमँगनेट क्लोराइडचे क्लोरीनमध्ये ऑक्सिडीकरण करते आणि वाचन वाढते. मग नायट्रिक आम्ल का नको? कारण ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. सूचक का घातला नाही? कारण परमँगनेटचा रंगच सूचकाचे काम करतो. एवढी तीन उत्तरे स्वच्छ देणाऱ्याला पुढे फारसे छळत नाहीत.

सेंद्रिय पदार्थ ओळखण्याच्या प्रयोगात सगळा भर पहिल्या पायरीवर असतो. पदार्थ आम्ल आहे, फिनॉल आहे, आम्लारी आहे की उदासीन, हे चुकले तर पुढचे सगळे चुकते. सोडियम बायकार्बोनेटमध्ये बुडबुडे आले की आम्ल धरायचे. पण परीक्षानळी आधी नीट धुतलेली नसेल तर आतल्या जुन्या आम्लानेही बुडबुडे येतात. पुढे वितळणांकाने निर्णय होतो: बेंझॉइक आम्ल १२२ अंशांना वितळते आणि सिनॅमिक आम्ल १३३ अंशांना. पदार्थ ओलसर राहिला तर सिनॅमिक आम्लही १३३ च्या पुष्कळ खाली वितळू लागते आणि बेंझॉइकचा भास होतो. अशा वेळी ब्रोमीन पाण्याचा रंग जातो का, हे पाहून असंतृप्तता तपासली की शंका मिटते.

प्रयोग आणि व्हायवानंतर जर्नल, म्हणजे प्रयोगवही, हा गुणांचा तिसरा स्रोत. प्रयोग झाल्याच्या आठवड्यातच जर्नल लिहून सही घ्यावी. सत्राच्या शेवटी सगळे प्रयोग एका रात्रीत उतरवून काढण्याचा प्रकार सर्वत्र चालतो, आणि त्यात दुसऱ्याची चुकीची आकडेमोडही जशीच्या तशी उतरते. जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, शिवाय साधारण ७५ टक्के उपस्थितीची अटही असते. आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर येतो तेव्हा सांगली-मिरज आणि पलूस-वाळवा परिसरातल्या मुलांची प्रात्यक्षिके बुडतात. २०१९ आणि २०२१ साली ते सर्वांनी पाहिले. बुडालेल्या प्रयोगांसाठी जादा बॅच मागण्याचा अर्ज पाणी ओसरताच द्यावा, सत्र संपताना नव्हे.

पाचवी पायरी: अंतर्गत मूल्यमापन आणि लेखी पेपर

अंतर्गत गुण चाचणी, गृहपाठ, सेमिनार, प्रश्नमंजूषा यांतून येतात. ते मिळवायला सोपे असतात आणि गमावायला त्याहून सोपे. चाचणीच्या दिवशी आजारी पडल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र किती दिवसांत द्यायचे, एवढी चौकशी करून ठेवावी.

लेखी पेपर इंग्रजीत असतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना अकरावी-बारावीत ही भाषा कानावर पडलेली असते, पण तेथे भर पर्यायी प्रश्नांच्या तयारीवर राहिल्याने सलग उत्तर लिहिण्याची सवय नसते. रसायनशास्त्रात यावर चांगला उपाय आहे: व्याख्या एका वाक्यात, मग समीकरण किंवा रचनासूत्र, मग दोन-तीन वाक्यांत कारण आणि शेवटी एक उदाहरण. अभिक्रियेची यंत्रणा लिहिताना वक्र बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघून जेथे ती जाते तेथे पोहोचला पाहिजे. बाण उलटा काढला तर शेजारी कितीही सुंदर इंग्रजी लिहिले तरी उपयोग नाही. संख्यात्मक उदाहरणांत एकके प्रत्येक ओळीत लिहावीत.

अभ्यासक्रमाचा चढ साधारण असा असतो: पहिल्या वर्षी अणुरचना, बंध, त्रिमिती रसायन आणि ऊष्मागतिकीची सुरुवात, दुसऱ्या वर्षी समन्वय संयुगे, विद्युत रसायन, क्रियाशील गटांच्या अभिक्रिया, तिसऱ्या वर्षी वर्णपटमिती, स्फटिक क्षेत्र सिद्धान्त, क्वांटम रसायन आणि विश्लेषणात्मक रसायन. तिसऱ्या वर्षी एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) आणि आयआर (अवरक्त) वर्णपट वाचून रचना काढण्याचे प्रश्न येतात आणि ते केवळ सरावाने सुटतात.

सहावी पायरी: निकाल वाचा, एटीकेटी साचू देऊ नका

एखादा पेपर राहिला तरी ठरावीक मर्यादेपर्यंत पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो, हीच एटीकेटी. राहिलेला पेपर पुढच्या सत्राच्या पेपरांसोबत द्यावा लागत असल्याने दोन पेपरांची तयारी एकाच आठवड्यात येऊ शकते. अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण पडले असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती विषयशिक्षकांना दाखवावी आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरावेत. या अर्जांची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते.

सातवी पायरी: ऑन जॉब ट्रेनिंगची जागा आधी शोधा

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, श्रेयांकांसाठी करावे लागते. या बाबतीत आपल्या जिल्ह्यांची स्थिती चांगली आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चच्या आसपासपर्यंत चालतो, म्हणजे सहाव्या सत्राचा पहिला भाग हंगामातच येतो आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेला मदतीचे हात हवे असतात. तेथे रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण), पोल (साखरेचे प्रमाण) आणि त्यांच्या गुणोत्तरावरून शुद्धता काढणे हे रोजचे काम असते. कुपवाड, मिरज व सातारा येथील औद्योगिक वसाहती, दूध संघ आणि माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा हे इतर पर्याय. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि हळदीतले कर्क्युमिन सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीवर वर्णपटमापकाने मोजतात. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्याला याहून जवळचा नमुना मिळणार नाही. पत्र महाविद्यालयाकडून घेऊन पाचव्या सत्रातच जावे.

आठवी पायरी: तीन की चार वर्षे, हे पाचव्या सत्रात ठरवा

तीन वर्षांनंतर पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.एस्सी. करता येते. चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी मिळते आणि एम.एस्सी. एका वर्षाचे होऊ शकते. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीनुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, म्हणून वर दाखवलेले सरासरीचे गणित पहिल्याच सत्रापासून कामाचे आहे. चौथे वर्ष आपल्या महाविद्यालयात आहे का आणि संशोधनाची सोय कितपत आहे, हे पाहूनच निर्णय घ्यावा. उपकरणे नसलेल्या ठिकाणी संशोधनाचे वर्ष काढण्यापेक्षा तीन वर्षांनी चांगल्या विद्यापीठात जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आयआयटी किंवा तत्सम संस्थेत एम.एस्सी. करू इच्छिणाऱ्याने जॅम या प्रवेश परीक्षेकडे पाहावे. तीन तासांच्या या पेपरात १०० गुणांसाठी ६० प्रश्न असतात: ३० एकपर्यायी, १० बहुपर्यायी आणि २० आकडी उत्तराचे. चुकीच्या उत्तराचे गुण फक्त एकपर्यायी प्रश्नांत कापले जातात. परीक्षा फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या शरद ऋतूत भरून घेतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या पाचव्या सत्रात. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत भौतिक रसायनाची उदाहरणे सोडवायला घेतली, तर सहाव्या सत्राचे जर्नल, ओजेटीचा अहवाल आणि जॅम एकाच वेळी अंगावर येत नाहीत.